ठंडा मंडळाचा गेज

माझ्या निळ्या तबकडीवरचा काटा शून्यावर थांबत नाही. माझ्या तिन्ही नळ्या हवेत मोकळ्या सोडा, दोन्ही झडपा पूर्ण उघडा, तरी तो शून्याच्या पुढे दोन बारीक रेघांवर जाऊन उभा राहतो. एक रेघ म्हणजे एक पौंड दाब. म्हणजे मी नेहमी दोन पौंड जास्त सांगतो. कधी दीड नाही, कधी अडीच नाही, नेमके दोन.

मित्रांनो, मी एक जुना गेज आहे. तुमच्या घरातला फ्रीज थंड होईनासा झाला की मेकॅनिक पिशवीतून पितळेची एक जाड पट्टी काढतो. तिच्यावर एक निळी आणि एक लाल अशा दोन गोल तबकड्या असतात आणि खाली तीन रंगांच्या तीन नळ्या लोंबत असतात. तोच मी. डॉक्टर छातीला नळी लावून आतलं ऐकतात, तसा मी यंत्राच्या आत फिरणाऱ्या गॅसचा दाब बाहेर सांगतो. मी काही दुरुस्त करत नाही. मी फक्त सांगतो. ऐकणारा शहाणा असला, तर फ्रीज वाचतो.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईंनी चिमट्याने माझा काटा बसवला, फुंकर मारून काच लावली आणि मला खोक्यात ठेवलं. ते खोकं १९९३ साली नागपूरहून एसटीने चंद्रपूरला आलं. ते उघडलं तेव्हा माझ्याभोवती बावीस डोकी वाकली होती.

ही बावीस माणसं म्हणजे ‘चंद्रपूर-गडचिरोली शीतकरण व वातानुकूलन अभियंता मंडळ’. हे नाव पाटीवर दोन ओळींतही मावलं नाही, म्हणून ‘मंडळ’ हा शब्द पाटीच्या काठावर उभा लिहावा लागला. नावात अभियंता असला, तरी पदविका घेतलेले दोघेच होते. बाकीचे आयटीआय शिकलेले किंवा नुसत्या हाताने शिकलेले. गावातले लोक सरळ ‘ठंडा मंडळ’ म्हणत. या ठंडा मंडळाची बैठक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबूपेठेतल्या एका शाळेच्या वर्गात होई, आणि त्या वर्गात साधा पंखाही नव्हता. बाहेर शेहेचाळीस अंश आणि आत बावीस थंडी करणारे, घामाने निथळत.

मला आणण्याची कल्पना अध्यक्षांची. त्यांचं नाव बापूजी. कोळसा खाणीच्या कचेरीतले एसी तीस वर्षं सांभाळून ते निवृत्त झाले होते. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले होते, “आपण बावीस जण, बावीस गेज अन् बावीस आकडे. फ्रीजनं आयकाव तं कोणाचं? एक चांगला गेज घेऊ. सगळ्यायचा मिळून एक.”

म्हणून मी एकाचा नव्हतो, सगळ्यांचा होतो. ज्याला मोठं काम मिळेल तो मला घेऊन जाई आणि पहिल्या रविवारी परत आणी. रक्तपेढीचा फ्रीज, सिनेमागृहाचं यंत्र, भद्रावतीच्या कॉलनीतले फ्रीज, आरमोरीची बर्फाची फॅक्टरी, सगळीकडे मी गेलो. खाणीच्या बाजूला एसीच्या जाळीत इतकी काळी धूळ बसे की ती झाडल्यावर माझी निळी तबकडीसुद्धा काळी दिसायची. दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळे. पावसाळ्यात मात्र कोणाला थंडी नको असे. तेव्हा मी पत्र्याच्या कपाटात पडून राही. एका वर्षी माझ्या लाल नळीत झुरळाने अंडी घातली. नळीची टोकं झाकायला कोणी विसरलं होतं, एवढंच.

१९९५ साली मी आरमोरीच्या त्या फॅक्टरीच्या छतावरून खाली पडलो. पाडणारे खुद्द बापूजी होते. काच वाचली, पण काटा सरकला. पुढच्या रविवारी बापूजींनी मला सगळ्यांपुढे उंच धरलं आणि म्हणाले, “हा माया हातून पडला. आता दोन जास्त दाखवते. यापुढं सगळ्यायनं दोन वजा करून वाचाचं.” तेव्हापासून मंडळात एक रीत पडली. गेज परत आणणाऱ्याने सगळ्यांपुढे त्याचे काटे दाखवायचे आणि त्या महिन्यात आपल्या हातून झालेली एक चूक सांगायची. हसायची परवानगी होती, चिडवायची नव्हती. एकाची चूक ऐकून बाकीचे एकवीस ती चूक टाळत. ठंडा मंडळाचं नाव दोन जिल्ह्यांत झालं ते या रीतीमुळे, असं मला वाटतं.

आणि मग १९९६ साली दामिनी आली.

दामिनी आरमोरीची. तिचे वडील वारलू तलावात जाळं टाकत आणि आई रुखमा ती मासळी टोपलीत घालून बाजारात विकायला बसे. दामिनीने पॉलिटेक्निकमध्ये शीतकरणाची पदविका घेतली होती. बोलायची कमी, लिहायची जास्त. सुरेंद्र नावाच्या सभासदाच्या दुकानात ती कूलरच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेने भरायचं काम करायची. तिने मंडळाच्या सभासदत्वाचा अर्ज दिला. नियमाप्रमाणे अर्जावर दोन सभासदांच्या सह्या आणि अध्यक्षांचा होकार लागे. सुरेंद्रने पहिली सही लगेच केली. दुसऱ्या सहीसाठी कोणाचा हात पुढे आला नाही.

“बाईमाणूस कंप्रेसर उचलीन काय?” हेमराज म्हणाला. त्याचं दुकान बसस्टँडजवळ होतं आणि मंडळात त्याच्या हाताची बरोबरी करणारा कोणी नव्हता. “छतावर चढीन काय? लोक म्हणतीन, ठंडा मंडळात माणसं सरली.”

“हेमराजभाऊ, मागच्या महिन्यात तुमचा कंप्रेसर दोघायनं मिळून उचलला,” दामिनी शांतपणे म्हणाली. “दुसरा जण मीच होती.”

वर्गात हशा पिकला. हेमराजही हसला, पण त्याने सही केली नाही. बापूजी वाद टाळणारे. त्यांनी अर्ज फाइलीत ठेवला आणि म्हणाले, “पुढच्या बैठकीत पाहू.”

मित्रांनो, त्या पुढच्या बैठकीला चार वर्षं लागली. दर पहिल्या रविवारी दामिनी यायची, दाराजवळच्या बाकावर बसायची आणि सगळ्यांच्या चुका वहीत उतरवून घ्यायची. मला हात लावायची तिला परवानगी नव्हती, कारण गेज सभासदालाच मिळे, आणि स्वतःचा विकत घेण्याइतके पैसे तिच्याकडे नव्हते. गेज नाही म्हणून गॅसचं काम नाही, आणि गॅसचं काम नाही म्हणून पदविका असूनही तिच्या वाट्याला कूलरच्या मोटारी. ती मला लांबून बघायची. इतकं नीट मला कोणीच बघितलं नव्हतं.

मार्च २००० च्या शेवटी अहेरीच्या पलीकडच्या जंगलातल्या एका आरोग्य केंद्रातून निरोप आला. लसी ठेवायचा मोठा फ्रीज बंद पडला होता. हेमराज मला घेऊन गेला. नळीला बारीक भोक होतं, ते त्याने बुजवलं, गॅस भरला आणि परत आला. दोन एप्रिलच्या बैठकीत त्याने मला उंच धरलं तेव्हा त्याची छाती फुगलेली होती.

“यंदा चूक नाई, बापूजी. यंदा निस्ता बर्फ! बाहेर चव्वेचाळीस अन् आत वजा सहा. पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या, त्या पार दगड झाल्या. त्यायनं मले नारळ देला, नारळ!”

टाळ्या पडल्या. मीही खूश होतो. इतकं थंड यंत्र मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

दाराजवळून आवाज आला. “हेमराजभाऊ, बाटल्या दगड झाल्या, तं लसी काय झाल्या?”

“लसी मस्त थंड हायेत. तू काऊन काळजी करून राह्यली?”

“थर्मोस्टॅट चालू होता?”

“जळला होता. तिकडं जंगलात थर्मोस्टॅट कुठी भेटते? डायरेक्ट करून टाकला.”

थर्मोस्टॅट म्हणजे फ्रीजमधलं ते लहानसं बटण, जे पुरेसं थंड झालं की यंत्राला थांब म्हणतं. ते बिघडलं की आमच्याकडचे मेकॅनिक दोन तारा सरळ जोडून देतात. त्यालाच डायरेक्ट करणं म्हणतात. मग यंत्र थांबतच नाही, रात्रंदिवस थंड करत राहतं. घरच्या फ्रीजला फार तर दही गोठतं. म्हणून वर्गात ते ऐकून कोणाच्याच कपाळावर आठी पडली नाही.

दामिनी उभी राहिली. “त्रिगुणी लस अन् धनुर्वाताची लस गोठली की मरते. गरम झाली तं मरते हे सगळ्यायले माहीत आहे. गोठली तं मरते हे कोणी सांगत नाई. पदविकेच्या शेवटच्या वर्षी मी लसीच्या कोठारात काम केलं, तिथं शिकली. बर्फ उतरला की बाटली पहिल्यासारखीच दिसते. लेकराले सुई टोचते, ताप येते, मायले वाटते काम झालं. अन् आतून त्या लेकराले काहीच भेटलं नसते.”

“आयका!” मागून कोणी तरी म्हणालं. “जल्मभर ठंडं करणाऱ्यायले आता ठंडं कमी करा म्हणते!”

लोक हसले, पण हेमराज हसला नाही. त्याने विचारलं, “तुले पक्कं माहीत आहे?”

“पक्कं आहे. तरी मी तिथं जाऊन तपासून येते. थर्मोस्टॅट सुरेंद्रभाऊच्या दुकानात आहे. फक्त गेज पाहिजे. लसीकरण बुधवारी आहे, सात गावायत.”

सगळ्यांनी बापूजींकडे पाहिलं. बापूजींनी सवयीने तोंड उघडलं. “पुढच्या बैठकीत—”

“पुढची बैठक मे महिन्यात आहे, बापूजी,” दामिनी म्हणाली. “बुधवार परवाच्या दुसऱ्या दिवशी आहे.”

बापूजींनी टेबलावरच्या माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मला उचललं आणि स्वतःच्या पिशवीत घातलं. “नियम तं नियम आहे. गेज सभासदाजवळच राहीन. म्हणून मीच चालतो. पोरी, सकाळची गाडी किती वाजता आहे?”

अशा रीतीने सदुसष्ट वर्षांचे अध्यक्ष माझे हमाल झाले.

सोमवारी सकाळच्या एसटीत मी बापूजींच्या मांडीवर होतो. सागाची पानं गळलेली होती आणि रस्त्याकडेला बायका मोहाची फुलं वेचत होत्या. बापूजींनी विचारलं, “पोरी, तू या धंद्यात काऊन पडली? शिक्षकीण झाली असती तं सावलीत बसली असती.”

दामिनी खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, “माय सकाळी सात वाजता बाजारात बसे. अकरा वाजले की मासळीचे डोळे पांढरे होत. मंग गिऱ्हाईक नाक दाबून पुढं जाई. बाबानं रात्रभर पाण्यात उभं राहून धरलेली मासळी, अन् दुपारी माय ती फेकून देई. एक दिवस फॅक्टरीवाल्यानं फुटका बर्फ देला. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मासळीचे डोळे चमकून राह्यले होते. मी तेव्हा आठवीत होती. म्हटलं, हे कसं होते ते मले शिकाचं आहे.”

बापूजींनी पिशवीचं तोंड दोरीने नीट बांधलं.

दुपारी आम्ही केंद्रात पोहोचलो. तिथल्या नर्स मनकर्णाबाई आम्हाला पाहून चकित झाल्या. “फ्रीज तं झकास चालू आहे, बापूजी. हात लावला की बोट चिकटते!”

दामिनीने झाकण उघडलं. तळाच्या दोन टोपल्या बर्फात रुतल्या होत्या. तिने आधी वरच्या टोपल्या बर्फाच्या डब्यांसह थंडपेटीत हलवल्या. मग तळातली एक बाटली काढली. ती आतून पांढरी, घट्ट गोठलेली होती. तिने ती टेबलावर ठेवून वितळू दिली. त्याच लसीची दुसरी बाटली मधल्या टोपलीतून घेतली आणि तिसरी वरच्या टोपलीतून. तिन्ही एका मुठीत धरून जोराने हलवल्या, ओळीने उभ्या केल्या आणि घड्याळ लावलं.

“आता फक्त पाहाचं,” ती म्हणाली.

मी आयुष्यभर दाब मोजला, पण वाट बघणं हेही मोजणं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. दहा मिनिटांत गोठलेल्या बाटलीत पांढरे कण खाली बसू लागले आणि वर स्वच्छ पाणी दिसलं. वीस मिनिटांत मधल्या टोपलीच्या बाटलीनेही तसंच केलं. वरची बाटली मात्र अर्ध्या तासानंतरही ताकासारखी एकसारखी पांढरी होती.

मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. “म्हणजे मधल्याबी गेल्या? बर्फ तं तिथं दिसतबी नाई! अन् मी बुधवारी त्याच टोचल्या असत्या...”

“टोचल्या नाईत ना,” दामिनी म्हणाली. “वरच्या चांगल्या आहेत. तळातल्या अन् मधल्या मिळून एकतीस बाटल्या बाजूले ठेवा. गडचिरोलीले फोन लावा, बदली बाटल्या उद्या जीपनं येतीन.”

मग माझी पाळी आली. बापूजींनी मला पिशवीतून काढलं. नियमाप्रमाणे त्यांनीच मला लावायला हवं होतं. त्यांनी दामिनीच्या हाताकडे पाहिलं आणि मी त्या हातात आलो. तिने निळी नळी इतक्या अलगद लावली की गॅसचा एक फुसकाराही वाया गेला नाही. माझा काटा चढला आणि बारावर थांबला.

“बारा. दोन वजा, दहा,” ती म्हणाली. “हेमराजभाऊनं गॅस अगदी मापात भरला आहे. भोकबी असं बुजवलं की हाताले लागत नाई. चूक फक्त दोन तारायची आहे.”

तिने तारा सोडवल्या, नवा थर्मोस्टॅट बसवला आणि आतला बर्फ उतरवला. मंगळवारी सकाळपासून दर तासाला ती फ्रीजमधला तापमापक वाचून वहीत लिहीत होती. अकरा अंश. नऊ. सात. पाच. दुपारी चार अंशांवर काटा आला आणि ‘टक्’ असा आवाज होऊन कंप्रेसर आपोआप थांबला. बापूजींनी टाळी वाजवली. मनकर्णाबाईही हसल्या. यंत्र बंद पडलं म्हणून आनंदाने टाळी वाजवणारा मेकॅनिक मी जन्मात पहिल्यांदाच पाहिला.

संध्याकाळी गडचिरोलीहून जीप आली. बुधवारी सातही गावांत लसीकरण झालं. आम्ही निघालो तेव्हा केंद्राच्या ओसरीवर लेकरं भोकाड पसरून रडत होती आणि त्यांच्या आया हसत होत्या. त्या रडण्याइतका गोड आवाज मी आजवर कुठल्याही यंत्रातून ऐकला नाही.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. आजकालच्या गेजना आकडे उजळून दाखवणारा पडदा असतो. मी कपाटात असतो, पण माझ्या नळ्यांची टोकं झाकलेली असतात आणि माझी काच पुसलेली असते. कुठलंही मोजमापाचं साधन तुमच्या हाती आलं, तर त्याला आपटू नका. आपटलंच, तर ते लपवू नका. किती चुकतं हे ठाऊक असलेलं साधन अजूनही कामाचं असतं. आणि जो आकडा तुम्हाला आवडतो तो दिसला, म्हणून मोजणं थांबवू नका. माझ्या हेमराजला वजा सहा फार आवडला होता.

आता त्या मे महिन्याच्या बैठकीचं सांगतो. वर्ग गच्च भरला होता. हेमराज सगळ्यांत आधी उभा राहिला. गेज त्याने परत आणलेला नव्हता, तरी तो म्हणाला, “मागच्या वेळी मी म्हटलं होतं, चूक नाई. चूक होती. लसीचा फ्रीज डायरेक्ट करू नका. थर्मोस्टॅट नसन, तं लसी दुसरीकडं हालवा अन् थर्मोस्टॅट घेऊन या. पाहिजे तं रातभर बसमध्ये उभं राहून या.” बाकीच्या सगळ्यांनी ते लिहून घेतलं. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

मग बापूजींनी जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीतून आलेलं पत्र वाचायला घेतलं. गडचिरोली जिल्ह्यातल्या जंगलभागातली अकरा केंद्रं, त्यांचे सगळे लसीचे फ्रीज आता मंडळाने वर्षभर तपासावेत, अशी विनंती होती. वर्गात एकच गलका झाला. एवढं मोठं काम मंडळाला कधीच मिळालं नव्हतं. बापूजी पुढे वाचू लागले, “‘या कामावर आपल्या मंडळाच्या ज्या सभासद बाई एप्रिलमध्ये आल्या होत्या, त्यांचीच नेमणूक—’” आणि ते थांबले.

“दामिनी तं सभासद नाई,” मागून कोणी तरी हळूच म्हणालं.

दामिनी दाराजवळच्या बाकावर बसली होती. तिची लेखणी वहीवर थांबली होती आणि तिने मान वर केली नव्हती.

हेमराज उठला. त्याने कपाटातली फाइल काढली, पानं उलटली आणि तळातून एक पिवळा पडलेला कागद बाहेर ओढला. त्यावर एकच सही होती. त्याने खिशातला पेन काढला, त्या सहीखाली आपली सही केली आणि कागद टेबलावर सरकवला.

“माया हातानं झालं,” तो म्हणाला. “आता तुमचं राह्यलं, बापूजी. पुढची बैठक म्हणू नका.”

बापूजींनी कागद हातात घेतला. चार वर्षांपूर्वीची तारीख त्यांनी बोटाने एकदा चाचपून पाहिली. मग ते उभे राहिले. निवृत्त होताना खाणीच्या मोठ्या साहेबांपुढेही त्यांनी सदऱ्याची गळ्याची गुंडी लावली नव्हती, ती त्यांनी आत्ता लावली. आणि शेवटच्या बाकापर्यंत नीट ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “दामिनी वारलू दिघोरे या आजपासून आपल्या मंडळाच्या सभासद आहेत.”